पैठण (पर्यटन)

पैठण : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. शहरापासून दक्षिणेस सुमारे ५० किमी, गोदावरीच्या उत्तर तीरावर. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. रेल्वे नाही, एसटी किंवा स्वतःची गाडी.

गावाला लागून जायकवाडी धरण. त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर. (धरण आधी बीड जिल्ह्यातील जायकवाडीजवळ बांधायचे ठरले होते, जागा वर पैठणला सरकली, नाव तेच राहिले.) १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. दरवाजे २७, लांबी सुमारे १० किमी. दरवाजांतून पडणारे पाणी पाहायला पावसाळ्यात जाणारे पुष्कळदा हात हलवत परततात. पैठणला पाऊस झाला म्हणून दरवाजे उघडत नाहीत. नाशिक-नगरकडच्या धरणांतून पाणी येऊन साठा भरत आला की मगच विसर्ग होतो. तेव्हा आधी बातम्यांतील टक्केवारी पाहावी. विसर्गात खालचे घाट बुडतात, त्या दिवसांत नदीत उतरू नये.

पक्ष्यांचे गणित उलटे. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर पाणथळ पक्षी उथळ चिखलात चरतात. काठोकाठ पाणी असले की अशी जागाच उरत नाही. पाणी ओसरू लागल्यावर, हिवाळ्यात, पहाटे जावे. दुर्बीण हवीच, कारण पक्षी काठापासून बरेच आत असतात.

संत एकनाथांची, म्हणजे नाथांची, मंदिरे दोन, आणि इथेच गफलत होते. गावातले मंदिर म्हणजे नाथांचा राहता वाडा. श्रीखंड्याने (कथेनुसार नाथांघरी राबणारा श्रीकृष्ण) पाण्याने भरला तो रांजण इथे. समाधी बाहेरच्या मंदिरात, गोदाकाठी. एकच पाहून परतलेले अनेक भेटतात. नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा सांगतात. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी. तेव्हा दिंड्यांनी गाव भरते. वारीला यायचे तर त्याच दिवसांत यावे, निवांत पाहायचे तर ते टाळावेत.

पैठणी घेताना पदर उलटा करावा. हातमागावर प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) आपापल्या जागेतच अडकवून वळवतात, म्हणून मोर, मुनिया (पोपट), आसावली (फुलवेल) दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसतात. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ती हातची नव्हे, मग दुकानदार काहीही सांगो. भरगच्च पदराला महिनोन्‌महिने लागतात. किंमत त्या दिवसांची असते.