तळाशी धावणारे पाणी: निवळण टाक्यांतील घनता प्रवाहांची पार्श्वभूमी

निवळण टाकीचे, म्हणजे पाण्यातला गाळ तळाशी बसू देणाऱ्या टाकीचे, गणित बसवले ते ॲलन हेझन या अमेरिकी अभियंत्याने. गाळ किती बसेल हे टाकीच्या खोलीवर नव्हे, तर पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, असे त्याने १९०४ मध्ये मांडले. पुढे थॉमस कॅम्पने ‘आदर्श टाकी’ची कल्पना पक्की केली: पाणी एका टोकाने शिरते, खोलीभर सारख्या वेगाने सरकते, कण आपापल्या गतीने खाली बसतात. आजही क्लॅरिफायरचा, म्हणजे गोल निवळण टाकीचा, व्यास काढायला लोक इथूनच सुरुवात करतात.

मधल्या काळात टाकीत येणारे पाणी मात्र बदलले होते. आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत, म्हणजे जिवाणूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध करण्याची रीत, मांडली. तिच्यात शेवटच्या टाकीत येते ते जिवाणूंच्या गाळाने भरलेले मिश्रण. लिटरमागे ३ ग्रॅम गाळ धरला, तर ते निवळ पाण्यापेक्षा घनमीटरमागे जेमतेम किलोभर जड. म्हणजे हजारात एक भाग! पण टाकीतले पाणी इतके संथ असते की तेवढा फरक पुरतो. मिश्रण आत येताच तळाकडे कोसळते, वाटेतले निवळ पाणी सोबत ओढते आणि तळालगत पलीकडच्या भिंतीकडे धावते. हाच घनता प्रवाह. वरचे पाणी उलट प्रवेशाकडे परतते. कागदावरच्या सरळ बाणांशी याचा काही संबंध नाही.

शिकागोच्या टाक्यांवर काम करणाऱ्या नॉर्वल अँडरसनने १९४५ मध्ये हे स्पष्ट दाखवले. तळाचा प्रवाह भिंतीला आपटून वर चढतो, आणि नेमके तिथेच वीअर (निवळ पाणी जिच्यावरून बाहेर पडते ती कड) असल्याने गाळ बाहेर पडतो. वीअर भिंतीपासून आत घ्या, हा त्याचा सल्ला. न्यूयॉर्कमध्ये गूल्ड या अभियंत्याने प्रवाहाशी भांडणे सोडून गाळ गोळा करायचा खड्डाच पाणी बाहेर पडते त्या टोकाला नेला. मला हा सर्वांत शहाणा उपाय वाटतो. चढता प्रवाह वीअरपासून वळवणाऱ्या, भिंतीवरच्या तिरप्या पट्टीला तर कनेक्टिकटमधल्या गावावरून ‘स्टॅमफर्ड बॅफल’ हेच नाव पडले.

स्वीडनमध्ये लार्सनने १९७७ मध्ये आयताकृती टाक्यांतले वेग मोजून या कोसळत्या प्रवाहाला गणितात आणले. अधिक तपशीलवार संगणकीय प्रारूपे त्यानंतरची.

तापमानही यात हात घालते. २० अंशांच्या आसपास पाणी एका अंशाने थंड झाले की घनमीटरमागे सुमारे २०० ग्रॅमने जड होते. म्हणून प्राथमिक टाकीत, म्हणजे जिवाणूंच्या प्रक्रियेआधीच्या टाकीत, जिथे गाळ विरळ असतो, कोमट सांडपाणी थंड पाण्यावर तरंगत थेट वीअरपर्यंत पोहोचू शकते.