हेपाटायटिस सी नसताना होणारा क्रायोग्लोब्युलिनेमिक व्हॅस्क्युलायटिस

दोन्ही पायांच्या नडग्यांवर जांभळट लाल ठिपके उठतात. ते बोटाला किंचित उंच लागतात, आणि काचेचा पेला त्यांच्यावर दाबून धरला तरी त्यांचा रंग फिका होत नाही. आठवड्याभरात ते तपकिरी डाग मागे ठेवून विरतात आणि दिवसभर उभ्याने काम झाले की पुन्हा उठतात. गोव्यात पावसाळ्यात असे पुरळ दिसले की पहिली शंका डेंग्यूची येते, आणि ती घेणे योग्यच आहे. मात्र डेंग्यूत ताप असतो व प्लेटलेट घटतात. येथे प्लेटलेट बहुधा ठीक असतात आणि पुरळ महिनोन्‌महिने येत-जात राहते. ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ असे समजून घरी कोकमाचे सरबत दिले जाते, आणि तपासणी लांबते. अशा पुरळामागे असू शकणाऱ्या आजारांपैकी एक म्हणजे क्रायोग्लोब्युलिनेमिक व्हॅस्क्युलायटिस, म्हणजेच क्रायोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनांमुळे होणारा लहान रक्तवाहिन्यांचा दाह.

जानेवारीतल्या पहाटे साखळी-वाळपईकडे खोबरेल तेल बाटलीत थिजते आणि ऊन लागले की पुन्हा पातळ होते. क्रायोग्लोब्युलिनचे वागणे तसेच आहे. ही आपल्याच प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रतिपिंडे असतात. तापमान ३७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की ती साकळतात आणि ऊब मिळाली की विरघळतात. १९७४ मध्ये ब्रुए व सहकाऱ्यांनी त्यांचे तीन प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात एकाच पेशीसमूहातून निघालेले एकाच साच्याचे प्रतिपिंड असते, आणि त्यामागे बहुधा मायलोमा किंवा लिम्फोमासारखा रक्ताचा विकार असतो. दुसऱ्या व तिसऱ्या, म्हणजे मिश्र प्रकारांत आयजीएम जातीचे प्रतिपिंड आयजीजी जातीच्या प्रतिपिंडालाच जाऊन चिकटते. त्यांची जोडगोळी रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकते, तेथे कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने कामाला लागतात आणि भिंतीला दाह होतो. मिश्र प्रकारात हे घडायला कडाक्याची थंडी लागत नाही, त्यामुळे उष्ण प्रदेशात हा आजार नसेल असे मानून चालत नाही. पावलांची त्वचा तर गोव्यातही शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंडच असते, आणि म्हापशाच्या बाजारात बर्फातली मासळी दिवसभर हाताळणाऱ्या बाईच्या बोटांना थंडी हवेतून येण्याची गरज नसते.

मिश्र प्रकारच्या बऱ्याचशा रुग्णांत कारण सापडत नसे, म्हणून या आजाराला कितीतरी वर्षे ‘अज्ञात कारणाचा’ म्हटले गेले. १९८९ मध्ये यकृताला ग्रासणाऱ्या हेपाटायटिस सी विषाणूची ओळख पटली आणि त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांत तोच विषाणू आढळला. हे मोठेच यश होते. आज तो विषाणू तोंडाने घ्यायच्या औषधांनी साधारण १२ आठवड्यांत काढता येतो, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे भारतात मोफत मिळतात. पण या यशाची एक सावली उरली. विषाणूची तपासणी नकारात्मक आली की ‘मग क्रायोग्लोब्युलिन नसणार’ असा समज होतो, आणि शोध नेमका जिथे सुरू व्हायला हवा तिथेच थांबतो. मला हा समज घातक वाटतो. आधी ती तपासणीही पुरती व्हायला हवी: प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात प्रतिपिंडांची चाचणी नकारात्मक येऊनही विषाणू असू शकतो, म्हणून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, तपासावा लागतो.

विषाणू खरोखरच नसेल, तर सर्वांत आधी शोग्रेन सिंड्रोमचा विचार करावा. त्यात अश्रू व लाळ स्रवणाऱ्या ग्रंथी निकामी होत जातात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, उंडा किंवा भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळवत नाही, दात झपाट्याने किडतात. हे त्रास रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण पायावरच्या पुरळाचा आणि कोरड्या तोंडाचा संबंध असेल असे त्याच्या मनातही येत नाही. ते विचारावेच लागतात. त्याखेरीज ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटण्याचा आजार), लिम्फोमा, हेपाटायटिस बी आणि एचआयव्ही ही कारणे तपासायची असतात. फ्रान्समध्ये संसर्गाविना मिश्र प्रकार झालेल्या २४२ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळपास निम्म्यांत सगळे शोधूनही मूळ आजार सापडला नव्हता.

पुरळापेक्षा अधिक काळजी करावी ती नसांची आणि मूत्रपिंडांची. पावलांची आग, मुंग्या, बधिरता, पुढे चप्पल पायातून निसटणे आणि पाऊल उचलता न येणे, हे सारे नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दाहाने बंद पडल्यामुळे होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. त्यामुळे येथे पायाच्या मुंग्या सहज ‘साखरेच्या’ खाती जमा होतात. सोबत पुरळ असेल किंवा एका पायाची ताकद अचानक गेली असेल, तर एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. मूत्रपिंड मात्र दुखत नाही; लघवीत रक्त व प्रथिने उतरणे आणि रक्तदाब चढणे एवढ्याच खुणा असतात, आणि त्या साध्या तपासणीत कळतात. सांधेही दुखतात. अशा वेळी ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर वाढलेला आला की निदान आमवातावर येऊन थांबते. वास्तविक मिश्र प्रकारातले आयजीएम प्रतिपिंड हेच तो फॅक्टर असते. फॅक्टर खूप वाढलेला आणि सी४ हे कॉम्प्लिमेंट खूप घटलेले, ही जोडी दिसली की क्रायोग्लोब्युलिन शोधायलाच हवेत.

या शोधात घात होतो तो बहुधा सुई आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या वाटेत. आपल्याला उकाड्याची वाटणारी तीस अंशांची खोली या नमुन्यासाठी थंडच ठरते. नळी तशीच ठेवली किंवा नेहमीप्रमाणे बर्फाच्या डब्यात टाकली, तर क्रायोग्लोब्युलिन साकळून रक्ताच्या गाठीबरोबर खाली बसतात. मग उरलेल्या सीरममध्ये, म्हणजे गाठीवरच्या पिवळसर द्रवात, काही सापडत नाही आणि अहवाल नकारात्मक येतो. म्हणून सिरिंज व साधी, रक्त न गोठू देणारे रसायन नसलेली नळी आधी कोमट करून घ्यावी लागते. नमुना ३७ अंशांच्या पाण्याच्या थर्मासात न्यावा लागतो, रक्त त्याच उबेत गोठू द्यावे लागते आणि सीरमही उबेतच वेगळे करावे लागते. त्यानंतर मात्र थंडीच हवी. सीरम ४ अंशांवर सात दिवसांपर्यंत ठेवून पाहतात, कारण पहिल्या प्रकारात साका एका दिवसात दिसला तरी मिश्र प्रकारात त्याला बरेच दिवस लागू शकतात. तळाशी पांढरट थर बसला आणि ऊब देताच तो विरघळला, तर तो क्रायोग्लोब्युलिनचा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा किंवा गावातल्या लॅबमध्ये, ‘रक्त काढल्यापासून सीरम वेगळे होईपर्यंत नमुना ३७ अंशांवर राहील ना?’ हे रुग्णाने वा नातेवाइकाने संकोच न करता विचारावे. लक्षणे बोलकी असून अहवाल नकारात्मक आला, तर चाचणी पुन्हा करून घेणे रास्तच आहे.

विषाणू नसल्याने येथे १२ आठवड्यांची सरळ वाट नसते. लिम्फोमा किंवा मायलोमा असेल तर उपचार त्यावरच करतात. नुसते पुरळ असेल तर थंडी टाळणे, पायांना विश्रांती आणि सौम्य औषधे पुरतात. नसा किंवा मूत्रपिंडे दाहाच्या तडाख्यात सापडली असतील, तर स्टेरॉइडसोबत रिटुक्सिमॅब देतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात त्या बी पेशींना ते संपवते. २४२ रुग्णांच्या त्या अभ्यासात ही जोडी अधिक परिणामकारक ठरली, पण स्टेरॉइडचा डोस मोठा असताना गंभीर जंतुसंसर्गही वाढले, म्हणून डोस जमेल तितक्या लवकर उतरवत आणावा लागतो. शरीरात दबून बसलेला हेपाटायटिस बी रिटुक्सिमॅबमुळे उसळू शकतो. त्याची आणि क्षयरोगाची तपासणी पहिल्या डोसाच्या आधी व्हावी. उपचार लागू पडल्यावरही लघवी, रक्तदाब आणि मानेतल्या-काखेतल्या गाठी वेळोवेळी पाहत राहतात, कारण आज कारण न सापडलेल्या रुग्णात शोग्रेन किंवा लिम्फोमा काही वर्षांनंतरही उघड होऊ शकतो.