ॲक्सेस पॉइंट : उभारणी आणि दोषशोध (नाशिक परिसर)

तारेतून आलेले इंटरनेट हवेत सोडणारे आणि हवेतून आलेले पुन्हा तारेत घालणारे उपकरण म्हणजे ॲक्सेस पॉइंट. बोलताना त्याला ‘एपी’ म्हणतात. छताला लावलेल्या त्याच्या पांढऱ्या चकतीला पाहुणे हमखास धुराचा अलार्म समजतात. राउटर आणि एपी यांची सरमिसळ तर रोजचीच. राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो आणि आतले जाळे व बाहेरचे जाळे यांच्यामध्ये दरवानासारखा बसतो. एपी हा नुसता पूल. केबलवाला घरी जो डबा लावून जातो त्यात फायबरचे टोक, राउटर, स्विच (अनेक तारा एकत्र जोडणारा डबा) आणि एपी असे चौघे एकत्र नांदतात, त्यामुळे हा फरक जाणवत नाही. दुसरा डबा आणून पहिल्याला जोडला की मात्र भांडण सुरू होते.

या तंत्राचे, म्हणजे वायफायचे, मूळ मानक ८०२.११ हे १९९७ सालचे. वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ वर गेला, २००९ च्या मानकाने अनेक अँटेना एकाच वेळी वापरण्याची सोय आणली आणि २०२१ मध्ये मंजूर झालेले ८०२.११ एएक्स ‘वायफाय ६’ या नावाने दुकानात मिळते. भारतात वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला.

जागा

एपी कुठे लावायचा हे ठरवताना चौरस फूट मोजून फारसे हाती लागत नाही, भिंती मोजाव्यात. नाशिकमध्ये भिंतींचे इतके प्रकार आहेत की एकाच गावात चार निरनिराळे धडे मिळतात.

जुन्या नाशकातले वाडे हा पहिला धडा. काळ्या दगडाचे जोते, त्यावर दीड-दोन फूट जाडीची विटा-मातीची भिंत आणि वर सागवानी तुळया. अशा भिंतीतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ जातच नाहीत. ओसरीवर लावलेला एपी शेजारच्या खोलीत मरतो, पण वरच्या माडीवर मात्र छान चालतो, कारण मधली लाकडी जमीन लहरींना फारसा अडवत नाही. म्हणून वाड्यात आडव्याऐवजी उभा विचार करावा. चौकाकडे तोंड करून पहिल्या मजल्यावर एक एपी लावला तर चौकाभोवतीच्या खोल्यांना दारा-खिडक्यांतून रेंज मिळते. भिंतीला भोक पाडण्याआधी मात्र मालकाला विचारावे. दगडी जोत्यात ड्रिल अडकले की अर्धा दिवस जातो आणि मातीच्या भिंतीत रॉल प्लग धरत नाही. तिथे तुळईच बरी.

इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा इकडच्या फ्लॅटमध्ये उलटे होते. आतल्या भिंती पातळ, पण स्लॅबमध्ये लोखंडी सळया, त्यामुळे वरखाली रेंज तुटते. फायबरचा डबा बहुतेक घरांत दाराशेजारी चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे असतो, म्हणजे शेवटच्या बेडरूमपासून सगळ्यांत लांब. मध्ये लोखंडी कपाट, आरसा किंवा माशांची टाकी आली तर तिच्या सावलीत वायफाय नाही असेच समजावे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्रा, प्रेस आणि रॅकभर लोखंड. लहरी अडतात त्यापेक्षा उसळतात जास्त, आणि रॅक मालाने भरले की चित्रच बदलते. मोजणी रिकाम्या शेडमध्ये केली असेल तर ती वाया गेली. दोन शेडमध्ये तांब्याची केबल टाकण्याऐवजी फायबर टाकावे. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर तो तांब्यातून वाहतो आणि स्विचची पोर्टे जाळतो.

चौथा धडा द्राक्षांचा. दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या पॅकहाउसमधल्या (जिथे द्राक्षे पेट्यांत भरतात) शीतगृहाच्या भिंती म्हणजे फोम आणि त्याच्या दोन्ही अंगांना पत्रा. दार लागले की आतली खोली म्हणजे चहूबाजूंनी बंद पत्र्याचा डबाच. बाहेर कितीही दणकट एपी लावा, आत द्राक्षांच्या पेट्या मोजणाऱ्या माणसाचा स्कॅनर ठप्पच. आतच वेगळा एपी हवा, तोही कमी तापमान आणि दमटपणा सोसणारा. आणि केबल जिथून आत शिरते ते भोक नीट बुजवलेले हवे, नाहीतर नळीतून गरम हवा आत येऊन थेट उपकरणातच पाणी साचते.

चकतीसारखा एपी छतालाच लावावा. त्याच्या लहरी मेदूवड्याच्या आकारात आडव्या पसरतात. तोच भिंतीला उभा लावला तर निम्मी ताकद वरच्या आणि खालच्या मजल्याला दान होते. मोजायला फोनवरचे फुकट ॲप पुरते. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६७ डीबीएमपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली कुरकुर सुरू होते. तीन डेसिबल कमी म्हणजे शक्ती निम्मी, दहा कमी म्हणजे एक दशांश. त्यामुळे उणे ६७ आणि उणे ७७ हे आकडे दिसतात तितके शेजारी नाहीत.

तार आणि वीज

एपीची अर्धी दुखणी तारेत असतात. कॅट सिक्स केबलची मर्यादा १०० मीटर, ही सर्वांना पाठ असते. पण बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या केबलमध्ये तांबे नसतेच. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. अशा तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. ओळखायची रीत सोपी आहे: ब्लेडने तार खरवडायची, आत पांढरी दिसली की खोके परत द्यायचे. खोके उचलूनही कळते, ते संशयास्पद हलके असते.

हे महत्त्वाचे अशासाठी की एपीला वीज याच केबलमधून जाते. २००३ च्या मानकाप्रमाणे स्विच १५.४ वॉट सोडतो आणि एपीपर्यंत १२.९५ पोचतात असे धरतात. २००९ च्या मानकात सोडायचे ३०, पोचायचे २५.५. नव्या एपीला जास्त वीज लागते. तो जुन्या स्विचला जोडला की चालू होतो, नाव दिसते, दोन-चार फोन जोडले जातात आणि संध्याकाळी सगळे घरी आले की आपोआप रीस्टार्ट होतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘दिवसा चांगलं असतं हो, रात्रीच काय होतं कोण जाणे.’ रात्री एवढेच होते की भार वाढतो, वीज पुरत नाही. आणखी एक सापळा इंजेक्टरचा, म्हणजे केबलमध्ये वीज घालणाऱ्या डबीचा: काही इंजेक्टर समोरच्याला न विचारता २४ किंवा ४८ व्होल्ट सरळ ढकलतात. त्यात चुकून दुसरेच उपकरण जोडले तर ते कायमचे गप्प होते.

क्रिम्पिंगचा, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना तारांचा, क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा. दोन्ही टोकांना चुकीचा पण सारखाच क्रम लावला तर साध्या टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, आणि तरीही लांब केबलवर वेग पडतो, कारण पिळलेल्या जोड्यांची ताटातूट झालेली असते. निळ्या किंवा तपकिरी जोडीत खोट असेल तर जोडणी १००० वरून १०० वर उतरते. ‘प्लॅन तीनशेचा, मिळतात नव्वद’ ही तक्रार ऐकली की हवेत काही शोधू नये, आधी ब्राउझरमध्ये स्विचचे सेटिंगचे पान उघडून पोर्टचा (तार लावायच्या भोकाचा) वेग पाहावा.

चॅनेल

२.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १ ते १३ चॅनेल (पट्ट्यातले क्रमांक दिलेले तुकडे) आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असल्याने कामाचे तीनच: १, ६ आणि ११. दोन एपी एकाच चॅनेलवर असले तर ते एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. १ आणि ३ वर असले तर कोणाला कोणाचे कळत नाही, नुसता गोंगाट होतो. म्हणून ‘शेजारी ६ वर आहे, आपण ७ घेऊ’ हा शहाणपणा अंगाशी येतो. या पट्ट्यात चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवणे म्हणजे गल्लीत आडवी गाडी लावणे. मायक्रोवेव्ह ओव्हनही इथेच, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, खरकटे सांडतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस. तिथले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात: एपी सुरू होताना किमान एक मिनिट ऐकत बसतो आणि मध्येच रडारचा भास झाला तर जागा सोडून पळतो. एपीच्या नोंदींमध्ये असे पळणे दिसू लागले तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ धरून बसावे.

शक्ती कमाल ठेवायची हौस सर्वत्र आहे. एपीची आरोळी लांबच्या फोनला ऐकू जाते, फोनची कुजबूज मात्र एपीपर्यंत परत येत नाही; फोनवर रेंजच्या दांड्या पूर्ण आणि पान उघडत नाही. शिवाय फोन मग पहिल्याच एपीला चिकटून राहतो, जवळचा दुसरा असूनही. एपी जास्त, प्रत्येकाची शक्ती बेताची आणि सर्वांना एकच नाव व एकच पासवर्ड, ही मांडणी चांगली. सिंहस्थासारख्या गर्दीतही हेच तत्त्व चालते, तिथे तर माणसांची शरीरेच पाण्याच्या भिंतीसारखी लहरी पितात.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: कुलूप म्हणून डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ चे डब्ल्यूपीए-३, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटण दाबून जोडायची सोय) बंद, पाहुण्यांचे जाळे बिलिंगच्या संगणकापासून वेगळे, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला. दुकानातून गिऱ्हाइकांना वायफाय विकायचे असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत टपरीवाल्यालाही परवाना लागत नाही.

दोषशोध

‘रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही.’ या तक्रारीतले पहिले तीन शब्द नीट ऐकावेत. दांड्या फक्त फोन ते एपी एवढेच अंतर सांगतात; त्या पूर्ण असतील तर दोष बहुधा एपीच्या मागे आहे. तरीही पहिला हात जातो तो एपी बंद-चालू करण्याकडे, आणि त्याने पंधरा मिनिटे बरे वाटते, म्हणून खरे कारण आठवडाभर सापडत नाही. लॅपटॉप थेट तारेने जोडून पाहावा. तारेवरही नेट नसेल तर एपीला हात लावायचे कारण नाही.

दुसरी पाहणी पत्त्याची. फोनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर पत्ते वाटणारा सापडलाच नाही. लाईट जाऊन आल्यावर हे फार होते: एपी आधी उठतो, राउटर नंतर. रॅकमधले सगळेच एका छोट्या यूपीएसवर घेतले की तक्रार संपते. याउलट निम्म्या लोकांना १९२.१६८.०, निम्म्यांना १९२.१६८.१ असे पत्ते दिसले तर कोणीतरी घरचा जुना राउटर आणून खोलीत जोडला आहे. तो एपी म्हणून वापरायचाच असेल तर आधी त्यातले पत्तेवाटप बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा, मग लॅन पोर्टात तार लावावी.

भक्तनिवासांचे दुखणे आणखी वेगळे. त्र्यंबकेश्वरच्या साठ खोल्यांच्या एखाद्या इमारतीचे उदाहरण घेऊ. खोलीत तीन माणसे, म्हणजे १८० फोन. राउटरकडे २५३ पत्ते, आणि दिलेला पत्ता तो चोवीस तास राखून ठेवतो. सकाळी मंडळी दर्शन करून निघून जातात, पण त्यांचे पत्ते अडकलेलेच; दुपारी नवे १८० येतात, त्यांतल्या पहिल्या ७३ जणांना मिळतो, बाकीच्यांचे चाक गोल फिरत राहते. एरवी खोल्या रिकाम्या असतात तेव्हा कोणाला काही कळत नाही. श्रावणी सोमवारी मॅनेजरचा फोन येतो. नवे एपी विकत घेऊन इथे काहीही होत नाही. पत्ता राखण्याची मुदत दोन तासांवर आणावी आणि मास्क (जाळ्यात किती पत्ते मावतात ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५२.० करावा, म्हणजे १०२२ पत्ते होतात. खर्च शून्य, म्हणूनच कदाचित हा उपाय सर्वांत शेवटी सुचवला जातो.

अख्खी इमारत एकदम बंद पडली आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकत असतील तर कोणीतरी आवराआवरी करताना लोंबणारे केबलचे टोक उचलून, दुसरे टोक आधीच ज्यात आहे त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचले आहे. एकेक तार काढत जावे; जी काढल्यावर दिवे शांत होतात ती गुन्हेगार.

उघड्यावरची जोडणी

घरापासून पॅकहाउसपर्यंत ५ गिगाहर्ट्झची समोरासमोरची बिनतारी जोडणी शेतावर सर्रास करतात. समोरचे टोक डोळ्यांना दिसले म्हणजे झाले, असे नाही. एक किलोमीटरवर मधोमध, सरळ रेषेच्या भोवती सुमारे सव्वादोन मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर बाग बोडकी आणि बांधावरची झाडेही विरळ. तेव्हा मंडपाच्या उंचीवर जुळवलेली जोडणी पावसाळ्यात ओल्या पानांच्या मागे जाते. खांब पहिल्यापासूनच उंच घ्यावा आणि बांधावरचे झाड किती वाढेल ते शेतकऱ्यालाच विचारावे.

मे महिन्यातला वळीव बाहेरच्या एपीचा खरा वैरी. जवळ वीज पडली की पुष्कळदा उपकरण जिवंत दिसते, दिवा लागतो, वायफायचे नावही येते, पण तारेचे पोर्ट मेलेले असते. खांबाला चांगले अर्थिंग आणि केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारे उपकरण) घालावा. बाहेर काळ्या आवरणाची केबल वापरावी, घरातली उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकते. आणि केबल उपकरणात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा. पावसाचे पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन गळते, पोर्टात जात नाही.