कायदा फक्त पानठेल्यांसाठी आहे काय?

‘तंबाखूचा कायदा पानठेलेवाल्यांसाठीच, कंपन्या मोकळ्या’ हा गोंदिया-भंडाऱ्याकडे हमखास ऐकू येणारा समज खरा नाही. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री करणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. उलट वेष्टनावर ठरलेला इशारा न छापणाऱ्या उत्पादकास, मग तो सिगारेटचा असो वा विडीचा, पहिल्याच गुन्ह्यात २ वर्षांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्थात बड्या कारखानदाराला ५,००० म्हणजे चिल्लरच, हे मान्य करावे लागेल. शिवाय पन्नीत (प्लास्टिकच्या कागदात) खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, घोटणारा माणूस तपासणीला आलेल्या पथकाला रस्त्यावरूनच दिसतो, कारखान्यातली छपाई दिसत नाही. त्यामुळे तक्रार अंमलबजावणीबद्दल असेल तर ती रास्त आहे, पण तिचे खापर कायद्याच्या कलमांवर फोडता येत नाही.