हार्ड डिस्क गायब? दोष आयआरक्यूचा नाही

नवी एसएसडी किंवा कार्ड टाकलं आणि जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली, की पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आजही एक ठरलेलं निदान ऐकू येतं: 'आयआरक्यू भांडतायत, विंडोज नव्याने टाका.' आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक (इंटरप्ट) मारायची लाइन. हे निदान आयएसए या जुन्या प्रकारच्या कार्डांच्या काळचं. तेव्हा आयआरक्यू जेमतेम १६, तेही कार्डावरचे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) हलवून वाटायचे. आजची पीसीआय एक्सप्रेस कार्डं सहसा मेमरीत संदेश लिहून इंटरप्ट देतात. ती ओढाताण संपली.

आता टंचाई आहे लेनची, म्हणजे स्लॉटपर्यंत डेटा नेणाऱ्या मार्गांची. अनेक मदरबोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) भरला की साटाचे, म्हणजे हार्ड डिस्कची केबल लागते ते, एकदोन पोर्ट किंवा खालचा एखादा स्लॉट बंद होतो. कोणता, ते मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या पानावर असतं, तेही बारीक तळटिपेत! पीसी बंद करा, विजेची वायर काढा, साटा केबल चालू राहणाऱ्या पोर्टात लावा.

खालचा लांब स्लॉट १६ लेनचा दिसतो, पण टॉर्च मारून पाहा: बऱ्याचदा पिना चार लेनपुरत्याच असतात. म्हणून ग्राफिक्स कार्ड वरच्याच स्लॉटात. ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये 'बस इंटरफेस' (किती लेन, किती वेग) तपासा, पण लोड देऊन. कार्ड निवांत असताना वेग उतरलेलाच दिसतो.