एक रिमोट, चार बोली

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बाणाचं बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला, तर तो रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त प्रकाशावर चालणारा. त्याची तरंगलांबी सुमारे ९४० नॅनोमीटर असते, म्हणून नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. सेल ताजे असूनही ठिपका दिसला नाही, तर रिमोट बहुधा ब्लूटूथचा. युनिव्हर्सल रिमोट, म्हणजे घरातली सगळी उपकरणं चालवणारा एकच रिमोट, विकत घेण्याआधी घरातल्या एकूण एक रिमोटची ही परीक्षा घ्याच. अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटची बाणाची बटणं ब्लूटूथवर चालतात; साधा इन्फ्रारेड युनिव्हर्सल रिमोट तिला काही सांगू शकत नाही.

आता त्या लुकलुकण्याची गंमत. ऊन, बल्ब, आपलं अंग, सगळ्यांतूनच अवरक्त किरणं निघतात. त्या गलक्यात आपला निरोप पोचावा म्हणून रिमोटचा एलईडी सेकंदाला साधारण ३८,००० वेळा उघडझाप करतो आणि समोरचा रिसीव्हर तेवढाच ताल टिपतो. एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची हाक, मग ४.५ मिलिसेकंद शांतता आणि मग ३२ बिट: आखूड थांबा म्हणजे ०, लांब थांबा म्हणजे १. सोनीचा ताल मात्र ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४०,००० वेळा, तर फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचा ३६. एका खोलीत चार खोकी आणि चार बोली, असा हा मामला.

काही युनिव्हर्सल रिमोट वेगवेगळ्या उपकरणांच्या कोडची, म्हणजे अशा निरोपांची, यादी पोटात घेऊन येतात, काही जुन्या रिमोटसमोर धरून शिकवता येतात. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी १९८७ साली बाजारात आणलेला ‘कोअर’ असाच शिकणारा होता. अ‍ॅम्प्लिफायर स्थानिक बनावटीचा असेल तर मी शिकणाराच घ्या म्हणेन, कारण त्याचा कोड यादीत सापडण्याची आशा फार कमी.

पण खरी अडचण पॉवरच्या बटणात आहे. बहुतेक रिमोटवर चालू आणि बंद यांचा कोड एकच असतो. ‘सगळं चालू’ म्हणून एक बटण दाबलं आणि टीव्ही आधीच चालू असला, तर तो बंद होतो आणि साउंडबार सुरू! इन्फ्रारेडचा निरोप एकतर्फी; टीव्हीची अवस्था रिमोटला कळतच नाही. बऱ्याच टीव्हींना चालू-बंदचे वेगळे कोड समजतात, पण मूळ रिमोटवर त्यांचं बटणच नसतं, त्यामुळे शिकणाऱ्या रिमोटला ते शिकवायचे कुठून? अशा वेळी यादीवालाच सरस. दुकानात तेवढं विचारून घ्या.

त्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी, म्हणजे केबलने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांना हुकूम देऊ देणारी सोय, चालू करून बघा. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिमलिंक. एचडीएमआय केबलमधल्या १३ क्रमांकाच्या पिनवरून उपकरणं एकमेकांशी बोलतात, तेही दोन्ही बाजूंनी. टीव्ही आणि साउंडबार एवढंच असेल तर नवा रिमोट लागणारही नाही.