ओशनिया अंडर-१६: आपल्या मुलांचे कागद कुठे अडतात

न्यूझीलंडमधला फुटबॉलचा सीझन हिवाळ्यातला. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये मी आमच्या क्लबच्या नोंदणीच्या टेबलाशी बसलेला असतो. ऑकलंडच्या या भागात मराठी घरं बरीच. बूट कुठे मिळतील, सराव किती वाजता, या चौकशीच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला: "दादा, अंडर-१६ टीमचा अर्ज कुठे भरायचा?"

अर्ज नसतो. क्लब, विभागीय संघटना, शाळांच्या स्पर्धा यांतून प्रशिक्षक मुलं हेरतात आणि शिबिराला बोलावतात. पालकांनी भरायचा फॉर्म त्यात कुठेच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी "नॅशनल ट्रायल"ची नोंदणी फी मागत असेल तर तो तुमच्या खिशाची ट्रायल घेतोय. पैसे देऊ नका.

अर्ज नसला तरी कागद मात्र लागतात. बोलावणं आल्यावर कागद गोळा करू, असं म्हणणारे बहुतेक सगळे अडकतात, कारण त्यातले काही कागद तयार व्हायलाच पाच वर्षं लागतात. म्हणून हे लिहितोय.

स्पर्धा थोडक्यात. ओशनिया फुटबॉल महासंघाचे ११ पूर्ण सदस्य आहेत आणि सगळी बेटंच: न्यूझीलंड, फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, वानुआतू, न्यू कॅलेडोनिया, ताहिती, सामोआ, अमेरिकन सामोआ, टोंगा, कुक बेटं. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये आशियाकडे गेला. अंडर-१६ स्पर्धेतून अंडर-१७ विश्वचषकाची दारं उघडतात. २०२४ ची स्पर्धा ताहितीत झाली आणि न्यूझीलंड, फिजी, न्यू कॅलेडोनिया २०२५ च्या कतारच्या विश्वचषकाला गेले. नवी मुंबईकरांना आठवत असेल, ६ ऑक्टोबर २०१७ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर न्यूझीलंडच्या पोरांनी तुर्कस्तानशी १-१ बरोबरी केली होती. तीही याच वाटेने आलेली.

पहिला घोळ वयाचा. "अंडर-१६ म्हणजे सामन्याच्या दिवशी सोळा पूर्ण नकोत", असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. तसं नाही. हिशोब जन्मवर्षाचा असतो, १ जानेवारीपासून. २०२५ च्या विश्वचषकासाठी जन्म १ जानेवारी २००८ किंवा त्यानंतरचा हवा होता, आणि २०२४ ची अंडर-१६ स्पर्धा त्याच मुलांची होती. म्हणजे फेब्रुवारी २००८ चा मुलगा ताहितीला सोळा पूर्ण करून जाऊ शकत होता आणि ३१ डिसेंबर २००७ चा नाही. एका रात्रीचा फरक. यात कुठलाही कागद मदत करत नाही, रडून उपयोग नाही. २०२५ ते २०२९ अंडर-१७ विश्वचषक दरवर्षी कतारमध्ये आहे, त्यामुळे आता निदान प्रत्येक जन्मवर्षाला आपली पाळी मिळते.

आता खरा अडसर. संघात घ्यायला त्या देशाचं नागरिकत्व लागतं आणि ते दाखवायला वैध पासपोर्ट. रेसिडेंट व्हिसा चालत नाही, पर्मनंट रेसिडेंट चालत नाही, शाळेचं ओळखपत्र तर नाहीच. फिफाची भाषा अशी की राष्ट्रीयत्व कायमचं हवं, कुठे राहता यावर अवलंबून असलेलं नको.

"पण तो जन्मलाच इथे!" हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी मला वाईट वाटतं. १ जानेवारी २००६ पासून न्यूझीलंडमध्ये नुसतं जन्मून नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी एक तरी नागरिक किंवा इथे कायम राहण्याचा हक्क असलेला हवा. बाळ झालं तेव्हा दोघंही वर्क व्हिसावर असतील तर बाळ कागदोपत्री भारतीय. गेल्या वर्षी एका ताईंनी टेबलावर प्लास्टिकच्या फाइलमधून ऑकलंडचा जन्मदाखला काढून ठेवला. मग त्याच फाइलमधून मुलाचा निळा भारतीय पासपोर्ट निघाला. मुलगा चौदाचा, इथल्या कुठल्याही पोरासारखं इंग्रजी बोलणारा. तो एकदा पासपोर्टकडे, एकदा आईकडे बघत होता. आपण किवी नाही हे त्याला त्या दिवशी, माझ्यासमोर कळलं.

मग नागरिकत्व घ्यायचं. त्याची मोजणी अशी: रेसिडेंट झाल्यापासून पाच वर्षं, त्या पाच वर्षांत एकूण किमान १,३५० दिवस देशात, आणि शिवाय दर वर्षी किमान २४० दिवस. यातली शेवटची अट लोक वाचतच नाहीत. एकूण दिवस भरतात, पण एखाद्या वर्षी आजी आजारी म्हणून आई मुलाला घेऊन पाच महिने सांगलीला राहिलेली असते, आणि ते एक वर्ष २४० च्या खाली जातं. वर्क व्हिसावर काढलेली वर्षं या मोजणीत शून्य.

फिफाची मोजणी मात्र वेगळी आहे, आणि इथेच सगळ्यांची गल्लत होते. आईवडील किंवा आजीआजोबा त्या देशात जन्मलेले नसतील आणि मूलही तिथे जन्मलेलं नसेल, तर नव्या नागरिकत्वावर खेळायला त्या देशात राहण्याची अट आहे. दहा वर्षांचा होण्याआधी राहायला आला असेल तर किमान तीन वर्षं. दहा ते अठराच्या दरम्यान आला असेल तर पाच. दहानंतर आलेल्याला आणखी एक सिद्ध करावं लागतं, की घर इकडे आलं ते पोराला राष्ट्रीय संघात घुसवायला नव्हे. तो अर्ज देशाची फुटबॉल संघटना फिफाकडे पाठवते, तुम्ही नाही. ही वर्षं विमानातून उतरल्यापासून मोजली जातात, व्हिसा कोणता होता याच्याशी संबंध नाही. म्हणजे नागरिकत्वाला वर्क व्हिसाची वर्षं चालत नाहीत, फिफाला चालतात. दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात आणि बहुतेक घरांत मागे राहते ती पहिली. "फिफाची पाच वर्षं झाली की आमची" म्हणून निवांत बसलेला एक बाप मला माहीत आहे. नागरिकत्वाचा अर्ज त्याने तोवर भरलाच नव्हता.

"राहणं" म्हणजे काय, तेही फिफाने ठरवलेलं आहे: कोणत्याही बारा महिन्यांत किमान १८३ दिवस प्रत्यक्ष हजर. सुट्टीत भारतात जाऊन येणं, दवाखान्यासाठी जाणं यांनी सलगता मोडत नाही. पण आपल्याकडे एक लाडकी योजना असते, "एक वर्ष आजीकडे ठेवू, मराठी पक्कं होईल, गणितही सुधारेल." गणित सुधारतं. फिफाचं मोडतं. मराठी मीही मुलांना शिकवतोच, पण खेळणाऱ्या पोराला ते इथे बसून शिकवा.

चौदा पूर्ण झालेल्यांसाठी अजून एक खाच आहे. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र म्हणजे नागरिकत्व नव्हे. चौदा आणि त्यापुढच्यांना समारंभात जाऊन शपथ घ्यावी लागते, मगच ते नागरिक होतात आणि मगच पासपोर्टचा अर्ज. समारंभ तुमच्या सोयीने होत नाही. त्यामुळे जमत असेल तर मूल तेरात असतानाच अर्ज उरकून घ्या.

इकडचा पासपोर्ट झाला की तिकडचा गेला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीयत्व संपतं. पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यावा लागतो आणि हवं तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. नावात "सिटिझन" आहे म्हणून ओसीआयवर भारताकडून खेळता येईल, असं समजणारे भेटतात. येत नाही. आई मुंबईची असलेल्या पर्थच्या रायन विल्यम्सला भारताकडून खेळायचं होतं, तेव्हा २०२५ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घ्यावा लागला. त्यामुळे घरात आधी बसून बोला, आणि पोरालाही विचारा. अंडर-१६ खेळल्याने जन्माची गाठ बसत नाही, पुढे अटी पाळून संघटना बदलता येते. पण तो अर्ज पुन्हा फिफाकडे जातो.

फिजीबद्दल थोडं, कारण आपल्याकडे मराठी आई आणि फिजी-भारतीय बाबा अशी घरं आहेत. बाबा सुव्यात किंवा लबासात जन्मले म्हणून मुलगा आपोआप फिजीचा होत नाही. जन्माचा दाखला हा दुवा झाला, त्याआधी फिजीचं नागरिकत्व हवं. फिजीने २००९ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली आहे, त्यामुळे न्यूझीलंडचा पासपोर्ट ठेवून फिजीचाही घेता येतो. उलट न्यूझीलंडच्या पासपोर्टवर कुक बेटांकडून खेळता येईल का, असं एका हुशार मुलाने विचारलं. तिथले लोक न्यूझीलंडचेच नागरिक, हे त्याला ठाऊक होतं! पण एकाच नागरिकत्वावर अनेक संघ असतात तिथे जन्म, आईवडील, आजीआजोबा किंवा तिथलं वास्तव्य यांपैकी एक दुवा लागतो. त्याच्याकडे फक्त रारोटोंगाच्या सहलीचे फोटो होते.

जन्मदाखला हा महाराष्ट्रातून आलेल्यांचा खास दुखरा भाग. लॅमिनेट केलेला, जपून ठेवलेला दाखला समोर येतो आणि त्यात मुलाच्या नावाची जागा कोरी असते. हॉस्पिटलने नोंद केली तेव्हा बारसं व्हायचं होतं. नंतर कोणी महापालिकेत गेलंच नाही. नोंदणीपासून पहिल्या १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मुलगा बारा-तेराचा असेल तर मुदत अजून आहे, पुढच्या भारतभेटीत पहिलं हेच काम करा. ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. घरी केलेलं भाषांतर परत येतं.

नावाचंही बघा. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, शाळेत नाही, क्लबच्या नोंदीत तिसरंच स्पेलिंग. माणसाला कळतं, तीन नावं एकाच पोराची. संगणकाला नाही, आणि टेबलापलीकडच्या साहेबांना कळून घ्यायचं नसतं. पासपोर्टवर आहे तेच, तसंच, सगळीकडे.

आपल्या आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख लिहिली. जगभर असे गुरुजी होते, म्हणून फिफाने २००९ च्या अंडर-१७ विश्वचषकापासून मुलांच्या मनगटाचा एमआरआय आणला. मनगटाजवळच्या हाडाची वाढपट्टी पूर्ण जुळलेली दिसली तर मुलगा सतराच्या वर धरला जातो, दाखला काहीही म्हणो. एक्स-रे नाही, त्यामुळे किरणांची भीती नको. फक्त पालकांची संमती लागते. मुलींसाठी ही तपासणी नाही.

दहा वर्षांच्या वरचं मूल भारतातून येऊन क्लबात पहिल्यांदा नाव घालत असेल, तर क्लबला त्या नोंदणीसाठी परवानगी घ्यावी लागते, कारण परदेशी अल्पवयीन खेळाडूंच्या नोंदणीवर फिफाची बंधनं आहेत. आईवडील फुटबॉलसोडून दुसऱ्या कारणाने आले, हे दाखवायला नोकरीचा करार, व्हिसा, राहण्याचा पुरावा द्या. पगाराचा आकडा झाकला तरी चालेल का, असं सगळे हळू आवाजात विचारतात. करार अर्धवट दिला की परत येतो, एवढंच मी सांगतो. लहानपणीच, आठ-नऊच्या वयात, नाव घातलंत तर ही कटकट बरीचशी टळते.

आणि जुना, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट टाकू नका. मुंबई विमानतळावरचा बाहेर पडतानाचा शिक्का त्यात असतो. मूल कधी आलं याचा तो साधा पुरावा. जमा करायला पाठवण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा. शिक्के पुसट असतील तर इमिग्रेशनकडून मुलाच्या ये-जा नोंदी लेखी मागवता येतात. त्या हातात आल्या की वर्षागणिक दिवस कागदावर मोजा आणि तो कागद घेऊन फेब्रुवारीत टेबलाशी या.